डोहातले बियाणे

फाल्गुनाचा उत्तरार्ध आला, की सातपुड्याच्या उतारावर पळस पेटतो आणि त्याच सुमारास आमची जाम नदी रोडावू लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या वेळी ज्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे ठाकतात, त्याच पात्रात चैत्रात पाहावे तर गोटे तेवढे उरलेले असतात. धार आधी बारीक होते, मग ठिकठिकाणी तुटते, आणि शेवटी नदी म्हणजे वाळूच्या पट्ट्याने एकमेकांपासून तोडलेल्या डोहांची माळ होऊन बसते. वळणाखाली, खडकाच्या पायथ्याशी, जुन्या बांधाच्या मागे जिथे म्हणून खोलगट जागा असेल तिथे पाणी जाऊन बसते, आणि पाण्यापाठोपाठ नदीभर पसरलेले सारे मासेही तिथेच येऊन कोंडतात.

मासे धरणाऱ्यांचा खरा हंगाम तो हाच. पावसाळ्यात पाणी अफाट आणि गढूळ असते, हिवाळ्यात मासा सुस्तावतो. पण होळी उलटली की काठावर माणसे दिसू लागतात. भोई आणि ढिवर समाजातील पिढीजात मासेमार खांद्यावर जाळे टाकून येतात, शेतावरचा गडी सांज पडता पडता गळ टाकून बसतो, आणि परीक्षा आटोपलेली पोरे दिवसभर पाण्याकाठीच असतात. आमच्या वाचकांत माळकरी कुटुंबे पुष्कळ आहेत, याची आम्हांस जाणीव आहे. त्यांनी हा विषय पाहून पान उलटू नये. मासा ताटात घेणे न घेणे हा ज्याच्या त्याच्या आचाराचा प्रश्न आहे. नदीत मासा असणे न असणे हा मात्र सर्वांच्याच पाण्याचा प्रश्न आहे.

आपल्याकडचे पाणी कुठे जाते हे पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो. जाम कन्हानला मिळते. कन्हान सौंसर तालुक्यातून दक्षिणेस उतरते, पुढे पेंचचे पाणी पोटात घेऊन वैनगंगेला भेटते. वैनगंगा आणि वर्धा एकत्र होऊन प्राणहिता होते आणि ती गोदावरीला जाते. वर्धेचा उगमही आपल्याच शेजारी, मुलताई तालुक्यात आहे. म्हणजे 1956 च्या राज्यपुनर्रचनेने आपण मध्य प्रदेशात राहिलो, 2023 साली छिंदवाड्यापासून वेगळे निघून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला, तरी पाण्याच्या हिशेबाने आपण गोदावरीचेच. पावसाळ्यात ही सगळी साखळी जोडलेली असते. वैशाखात ती तुटते, आणि प्रत्येक डोह आपापल्या नशिबावर उरतो.

आता पाणी तापू लागले म्हणजे माशाला नेमके काय होते? मासा थंड रक्ताचा प्राणी. त्याला स्वतःची ऊब नाही. जे पाण्याचे तापमान तेच त्याच्या अंगाचे. म्हणून पौष-माघात त्याचे पचन मंदावते, भूक कमी होते, आणि तो तळाशी स्वस्थ पडून राहतो. फाल्गुनात ऊन चढू लागले, की काठाचे उथळ पाणी आधी तापते. त्या उबेने शेवाळ, किडे, अळ्या वाढतात. त्यांच्यामागे चिंगळ्या येतात आणि चिंगळ्यांमागे मोठे मासे. भूक खवळलेला मासा अशा वेळी काठाजवळ येतो. गळ टाकणाऱ्याला जो 'चावा' मिळतो त्याचे रहस्य एवढेच.

परंतु ही चैन फार दिवस टिकत नाही. पाणी जसजसे तापते तसतसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. वीस अंश तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. तीस अंशांना तो साडेसातावर येतो. त्यातच रात्री पाणवनस्पती आणि शेवाळही श्वसनासाठी प्राणवायू ओढून घेतात, म्हणून पहाटेची वेळ माशाला सर्वांत कठीण. वैशाखातल्या पहाटे डोहावर गेल्यास शेकडो मासे तोंड वर काढून हवेसाठी धडपडताना दिसतात. पाहणाऱ्याला वाटते की मासे खेळत आहेत. वस्तुतः त्यांचा जीव गुदमरत असतो. अशा स्थितीत निभावून जातात ती मरळ आणि मांगूर यांच्यासारखी मासळी, कारण त्यांना पाण्याबाहेरची हवा घेता येते. डोह पार आटला तरी मरळ ओल्या चिखलात काही काळ तग धरते. बाकीच्यांना तो मार्ग नाही.

गळाने मासे धरणे ही आपल्याकडे जुनी आणि एकेकाळी मोठी प्रतिष्ठित कला होती. मराठीच्या अभ्यासकांना 'मानसोल्लास' हा ग्रंथ ठाऊक असतो तो महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात या त्यातील उल्लेखामुळे. पण बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या या ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरणच आहे, आणि त्यात माशांच्या जाती, त्यांची वसतिस्थाने, कोणत्या माशाला कोणते आमिष द्यावे आणि गळ कसा चालवावा, याचे तपशीलवार विवेचन केलेले आहे. राजेलोकांचा तो विनोद होता. आमच्या काठावरच्या माणसाजवळ ना राज्य ना ग्रंथ, पण विद्या तीच. बांबूची लवचीक काठी, तिला दोरा, दोऱ्याला तरंगण्यासाठी बोरूचा किंवा मोरपिसाच्या दांडीचा तुकडा, आणि टोकाला गळ. बारीक माशाला कणकेची गोळी, शिंगटीला गांडूळ. शिंगटी म्हणजे ज्याला हिंदी बोलणारे शेजारी टेंगरा म्हणतात तो मिशांचा मासा. मरळीला जिवंत बेडूक नाहीतर चिंगळी लागते, कारण ती शिकारी जात आहे. तिचा झटका बसला की काठी हातातून जाते. तिला एकदम ओढायचे नसते. दोरा सैल सोडून तिला दमवायचे असते. भर दुपारी मासा खोल जातो, म्हणून सकाळचे दोन प्रहर आणि सूर्य कलल्यानंतरची वेळ, हाच खरा गळाचा काळ. ढगाळ, दमट दिवशी बसण्यात अर्थ नाही, असे जाणकार सांगतात, आणि प्राणवायूचा हिशेब पाहता त्यांच्या म्हणण्यात तथ्य असावे.

जाळ्यांचेही असेच. गोल पसरून पडणारे, कडेला शिशाचे मणी लावलेले फेकजाळे, ज्याला कोणी पाग म्हणतात, ते उथळ पाण्यात. दोन काठांना बांधून पाण्यात उभी टांगलेली जाळी खोल पाण्यात. आणि बांधाच्या सांडीवर बांबूच्या कामट्यांचे सापळे. जाळ्याच्या भोकाचे माप मोठे असेल तर लहान मासा निसटून जातो आणि पुढल्या साली मोठा होऊन येतो. जुन्या मासेमाराला हे सांगावे लागत नसे. तो स्वतःच जाळे विणी आणि भोकाचे माप बोटांवर धरी. आज बाजारात नायलॉनची मच्छरदाणीसारखी बारीक जाळी स्वस्तात मिळते; तिच्यातून काहीच सुटत नाही.

उन्हाच्या चाहुलीने मासे काठाला येतात आणि माणसे त्यांच्यामागे, ही गोष्ट जगभर घडते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांना क्रॅपी हे नाव ऐकून माहीत असेल. उत्तर अमेरिकेतील तळ्यांत राहणारा हा चपटा, रुपेरी, काळ्या ठिपक्यांचा मासा. वजनाने साधारण अर्धा किलोच्या आत-बाहेर, पण खाण्यास रुचकर. हिवाळाभर तो खोल पाण्यात असतो. वसंतात पाणी सोळा ते वीस अंशांपर्यंत तापले, की क्रॅपीचे थवे अंडी घालण्यासाठी उथळ पाण्यात येतात. नर तळाशी जागा साफ करून घरटे करतो आणि अंड्यांची राखण करतो. तिकडचे हौशी लोक उष्णतामापक पाण्यात बुडवून दिवस ठरवतात. जुनी माणसे डॉगवूड नावाच्या झाडाला फुले आली की गळ बाहेर काढतात. आमच्याकडे पळस, त्यांच्याकडे डॉगवूड. अशा ठिकाणी बहुतेक राज्यांत एका माणसाने दिवसाला किती क्रॅपी न्यावे याची मर्यादा घातलेली असते, आणि लोक ती मोजून पाळतात.

येथवर साम्य आहे, पण याच्या पुढे मोठा भेद आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे आपल्याकडे घोटाळा होतो. अमेरिकेतील मासा वसंतात काठाला येतो तो वंश वाढवायला; तळे बर्फ वितळून भरलेले असते. आपला मासा वसंतात डोहात येतो तो जीव वाचवायला. नदी आटत चाललेली असते. त्यांचा जो वसंत, तो आपला मृग. सात-आठ जूनच्या सुमारास सूर्य मृगात जातो, पहिले लोंढे येतात, तुटलेले डोह पुन्हा जोडले जातात, आणि पाण्याला मातीचा वास लागला की डोहात उन्हाळा काढलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. हेच ते चढणीचे मासे. ओढ्यांतून, शेतांच्या बांधांवरून, पाण्याने भरलेल्या चाकोरीतूनसुद्धा ते उड्या मारीत जातात आणि नव्या उथळ पाण्यात अंडी घालतात.

रोहू, कटला, मृगळ हे आपण तळ्यांत आणि धरणांत सोडलेले मोठे मासेही साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. तळ्यात सोडायचे बी म्हणूनच पूर्वी नद्यांच्या पुरातून गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात माशांना पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालवून घेण्याचा प्रयोग यशस्वी केला आणि तेव्हापासून तळ्यांची सोय झाली. तो दिवस आपल्या देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. परंतु हे कारखान्यातले बी तळ्यासाठी आहे. मरळ, शिंगटी, झिंगे, लहान खवल्यांचे नाना जातींचे मासे, ज्यांच्यावर नदीकाठच्या गरिबाचे कालवण चालते, त्यांचे बी कोणी पोत्यात बांधून नदीत आणून टाकीत नाही. त्यांचे बियाणे म्हणजे वैशाखात डोहात जे काही जिवंत उरले असेल तेवढेच. किलोभर वजनाच्या रोहूच्या मादीच्या पोटात लाखाच्या घरात अंडी असतात. ज्येष्ठात ती मादी जाळ्यात आली तर कालवण एका घरचे होते. पण आषाढात किती पाणी रिकामे राहिले, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

मरळीची गोष्ट तर याहून हृदयस्पर्शी आहे. मुख्यतः पावसाळ्यात, पण साठलेल्या पाण्यात कधी त्याआधीही, नर-मादी काठाच्या गवतात जागा साफ करतात. अंडी पाण्यावर तरंगतात आणि आई-बाप दोघेही त्यांच्याखाली पहारा देतात. पिले निघाली की त्यांचा तांबूस थवा पृष्ठभागाजवळून फिरतो आणि खालून पालक त्याच्याबरोबर चालतात. पट्टीच्या मासेमाराला तो तांबूस पट्टा दुरून दिसतो. त्याखाली मोठी मरळ असणारच, हे त्याला पक्के माहीत असते; गळ किंवा भाला तिथे टाकला की ती हमखास मिळते, कारण ती पिलांना सोडून पळत नाही. मग उघडी पडलेली पिले इतर मासे घटकाभरात फस्त करतात. जुन्या चालीचे मासेमार हा थवा दिसला की त्या जागी हात लावीत नसत.

पंचतंत्रात तीन माशांची कथा आहे. कोळी उद्या येणार हे कळताच अनागतविधाता तळे सोडून जातो, प्रत्युत्पन्नमती मेल्याचे सोंग करून सुटतो, आणि यद्भविष्य तेवढा मारला जातो. वर्गात ती शिकवताना मुले यद्भविष्याला हसतात. पण आटलेल्या डोहातला मासा कितीही शहाणा असला तरी जाणार कुठे? दोन्ही बाजूंना तापलेली वाळू आहे. तिथे अनागतविधात्याची आणि यद्भविष्याची गत एकच.

आणि माणसाची साधने आता गळ-जाळ्यांवर थांबलेली नाहीत. गेळफळासारखी वनस्पती कुटून पाण्यात टाकायची आणि मासे गुंगले की वेचायचे, ही रानातली चाल जुनी होती. वाहत्या पाण्यात तिचा प्रभाव थोड्या वेळात ओसरत असे. आता डोहात ब्लीचिंग पावडर पडते, पिकावर फवारायचे औषध पडते, आणि काही ठिकाणी विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात प्रवाह सोडतात. यांत मोठा मासा तर मरतोच, पण पिले, झिंगे, बेडूक, पाणकिडे असे सगळे एका रात्रीत संपते. त्याच डोहावर गुरे पाणी पितात आणि बाया धुणे धुतात. विजेच्या तारेने मासे मारताना माणसेही दगावतात, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

दुसरे कारण अधिक अवघड आहे, कारण त्यात कोणाचे वाईट करण्याचा हेतू नाही. आपला सारा भाग संत्र्यावर उभा आहे. मृग बहार घेणारा शेतकरी झाडाला एप्रिल-मेमध्ये ताण देतो. पण आंबिया बहार धरला असेल तर झाडावरची लहान फळे नेमकी कडक उन्हाळ्यात जगवावी लागतात. विहिरीने दगा दिला की पंपाचा पाइप नदीच्या डोहात उतरतो. बागाईतदाराच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही कदाचित तेच केले असते, कारण वर्षाचे पीक आणि कर्जाचा हप्ता दोन्ही त्या फळांवर टांगलेले असतात. परंतु डोहाचे शेवटचे दोन हात पाणी उपसले गेले, की झाडाला दिलेला ताण नदीलाही बसतो. झाड मृगात फुटते. आटलेल्या डोहातला मासा फुटत नाही.

कायदा नाही असे नाही. डायनामाइट आणि विष वापरून मासे मारण्यास 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून बंदी आहे. मध्य प्रदेशात 1948 चा मत्स्यक्षेत्र अधिनियम आणि 1972 चे नदीय मत्स्योद्योग नियम लागू आहेत, आणि त्यांनुसार 16 जून ते 15 ऑगस्ट हा काळ मासेमारीस बंद असतो. नदीशी संबंध नसलेली लहान तळी तेवढी त्यातून वगळली आहेत. हा नियम उत्तम आहे, कारण अंडी घालण्याचा काळ तोच. पण त्यात एक उणीव आहे, आणि ती दाखवून देणे हाच आमच्या या लेखाचा हेतू आहे. 16 जूनला जे मासे वाचवायचे ते वैशाखात डोहात शिल्लक उरले तरच ना! जे दोन महिने नदी वाहती असते त्यांना कायद्याचे कुंपण आहे, आणि ज्या दोन-अडीच महिन्यांत सारी नदी चार डोहांत कोंडलेली असते, त्यांना काहीच नाही. मोठ्या नद्यांना आणि धरणांना हे फारसे जाणवत नाही. जामसारख्या आटणाऱ्या नदीला मात्र हीच फट जीवघेणी ठरते.

अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर, तीन चातुर्मासी पौर्णिमांना आणि तिष्य पौर्णिमेला, त्यांच्या मागच्या-पुढच्या दिवसांसह, मासे मारण्यास आणि विकण्यास मनाई केली होती. त्या तीन पौर्णिमांत फाल्गुनी पौर्णिमा, म्हणजे आपली होळी, येते. सम्राटाचा हेतू धर्माचा होता. पण आपल्या समाजात देवाधर्माच्या निमित्ताने डोह राखण्याची रीत पुढेही चालू राहिली. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड येथे देवीच्या नावाने राखलेला डोह आहे; तिथले मोठे मासे कोणी धरीत नाही. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात शंकराच्या देवळापाशी असेच मासे राखले आहेत. देव नदीकाठी पुष्कळ ठिकाणी बसलेले असतात, आपल्याकडेही आहेत. सौंसरजवळ जामसावळीच्या हनुमंताला येणाऱ्या भाविकांची गर्दी पाहिली, की एखाद्या डोहावर असा शब्द टाकला गेला तर तो किती घट्ट धरला जाईल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

यावर आक्षेप येईल तो मासेमारांच्या पोटाचा, आणि तो रास्त आहे. पावसाळ्याचे दोन महिने त्यांचे हात आधीच बांधलेले. त्यात उन्हाळाही काढून घेतला तर त्यांनी खावे काय? म्हणून सर्व नदी बंद करा असे आम्ही म्हणत नाही. गावाच्या शिवारात पाच डोह असतील तर सर्वांत खोल असलेला एक सोडावा. चारांत मासे धरावेत. कोणता सोडावा हे ठरविण्याचा मान भोई-ढिवर मंडळींना द्यावा, कारण कोणत्या डोहाला खालून झरा आहे आणि कोणता ज्येष्ठापर्यंत टिकतो, हे त्यांच्याइतके अन्य कोणाला माहीत नाही. गावतळ्याच्या मासेमारीचा पट्टा पंचायत देते, त्यामुळे तळ्याला धनी असतो आणि राखणही होते. डोहाला धनी नाही, म्हणूनच तिथे रात्री ब्लीचिंग पावडर घेऊन कोणीही उतरू शकतो. मासेमारांच्या नावाने एक डोह ग्रामसभेत लिहून दिला, तर त्यांच्या नजरेतून चोर सुटणार नाही. पंपवाल्यांनीही त्या एका डोहात पाइप टाकू नये. निदान पाइपाचे तोंड तळापासून पुरुषभर वर बांधावे, म्हणजे पंप आपोआपच थांबेल आणि तळचे पाणी राहील.

मुदत होळीपासून मृगाच्या पहिल्या लोंढ्यापर्यंत ठेवावी. त्यानंतर 16 जूनला कायदा लागतोच. पोरांच्या हातातला गळ मात्र या एका डोहावरही काढून घेऊ नये असे आमचे मत आहे. कणकेच्या गोळीला लागलेल्या चार बारीक माशांनी डोह रिता होत नाही, आणि सुट्टीभर काठावर बसलेली ती पोरेच रात्री कोणी आले-गेले हे सर्वांच्या आधी सांगतात.